ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खरेदीतील गुणवत्तापारख

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खरेदीतील गुणवत्तापारख म्हणजे नवी किंवा वापरलेली ट्रॉली विकत घेण्यापूर्वी तिचा सांगाडा, पत्रा, जोडकाम, आस, चाके, हुक आणि कागदपत्रे यांची केलेली पद्धतशीर तपासणी होय. ट्रॉलीला इंजिन नसते. त्यामुळे ती 'नुसते लोखंड' आहे असे समजून बहुतेक ग्राहक रंग, लांबी-रुंदी आणि किंमत एवढेच पाहून व्यवहार करतात. प्रत्यक्षात ट्रॉलीचे दोष भार पडल्याशिवाय उघड होत नाहीत, आणि भरल्या ट्रॉलीचा आस तुटणे किंवा हुक निसटणे हा जीवावरचा प्रसंग असतो. महाराष्ट्राच्या वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांची शेत ते बाजार ही वाहतूक मोठ्या प्रमाणावर ट्रॉलीतून होते. म्हणून या प्रदेशात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

== संज्ञा ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा तसे ओढण्यासाठी बनविलेले वाहन म्हणजे 'ट्रेलर' होय; अर्धट्रेलर आणि साइडकार यांचा त्यात समावेश होत नाही. बोलीभाषेत यालाच 'ट्रॉली' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत ट्रेलर हा शब्द मोटारीमागे जोडायच्या चालत्या घरासाठीही वापरला जातो. या लेखात मात्र तो केवळ शेतीच्या मालवाहू ट्रॉलीच्या अर्थाने घेतला आहे.

ट्रॉलीच्या बाजूंना व मागे असणाऱ्या उघड-झाप करता येणाऱ्या भिंतींना 'फाळके' म्हणतात. खालच्या लोखंडी चौकटीला 'चेसिस' किंवा 'सांगाडा', चाके जोडणाऱ्या दांड्याला 'आस' किंवा 'ॲक्सल', तर आस व सांगाडा यांच्यामध्ये बसविलेल्या लवचीक पोलादी पट्ट्यांना 'पाटे' असे म्हणतात.

== पार्श्वभूमी ==

ट्रॅक्टर येण्यापूर्वी वऱ्हाडातील मालवाहतूक बैलबंडीवर अवलंबून होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. त्यानंतर अमरावती, अकोला, खामगाव या कापसाच्या पेठांना अधिकच महत्त्व आले आणि खेड्यांतून पेठेपर्यंत कापूस आणण्याचे काम बंड्यांनी केले. बंडी घेताना लाकूड पुरते वाळलेले आहे की ओले, चाकाचा तुंबा तडकला आहे काय, आरे घट्ट आहेत काय, लोखंडी धाव चाकावर नीट बसली आहे काय, हे पाहण्याची रीत होती. जाणता शेतकरी किंवा गावचा सुतार ही पारख करीत असे.

लाकडाची जागा लोखंडाने घेतली तेव्हा ही पारख मागे पडली. लोखंडाचे दोष लाकडाप्रमाणे चटकन डोळ्यांना दिसत नाहीत आणि जे दिसू शकतात ते रंगाखाली झाकले जातात. गावात सुताराची जागा वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने घेतली. पण बहुतेक ठिकाणी तोच ट्रॉलीचा निर्माता किंवा दुरुस्तीदारही असतो. त्यामुळे ग्राहकाच्या बाजूने पाहणारा तटस्थ जाणकार सहसा उरत नाही.

== निकृष्टतेची कारणे ==

ट्रॅक्टर मोठ्या कारखान्यांत तयार होतो. ट्रॉली मात्र पुष्कळदा औद्योगिक वसाहतीतील किंवा तालुक्याच्या गावातील लहान वर्कशॉपमध्ये बनविली जाते. लहान वर्कशॉपमध्ये उत्तम काम होऊ शकते, परंतु दर्जा सर्वस्वी त्या कारागिराच्या कौशल्यावर व प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो. निकृष्टतेची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* '''हलके लोखंड :''' सांगितलेल्या मापापेक्षा पातळ पत्रा किंवा कमी वजनाचा चॅनल वापरला जातो. बाहेरून माप तेच दिसते, मात्र जाडी कमी असते.
* '''जुने भाग :''' भंगारात काढलेल्या मालमोटारींचे आस, हब, पाटे आणि डिस्क नव्या ट्रॉलीला बसविले जातात. जुना भाग वापरणे हा स्वतःहून दोष नव्हे. तो नवा म्हणून विकणे ही फसवणूक होय.
* '''अपुरे जोडकाम :''' जेथे अखंड वेल्डिंग हवे तेथे तुटक टाके मारले जातात.
* '''हंगामाची घाई :''' सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे घरी येते आणि दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी रंगात येते. ट्रॉलीची गरज याच काळात तीव्र होते. अशा वेळी निर्माता काम उरकतो आणि ग्राहकही तपासणी टाळतो. पेरणी आटोपल्यानंतरच्या निवांत काळात मागणी नोंदविल्यास दोघांनाही उसंत मिळते.

== उपयोगानुसार निवड ==

ट्रॉली चांगली की वाईट हे ती कशासाठी घेतली यावरही ठरते. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच फाळक्यांची ट्रॉली घेतल्यास तिचे आकारमान १२० घनफूट, म्हणजे सुमारे ३.४ घनमीटर भरते. काठोकाठ सोयाबीन भरल्यास तीत साधारण २५ क्विंटल माल मावतो. तेवढ्याच जागेत कोरडी वाळू भरल्यास वजन ५० क्विंटलांच्या वर जाते. वाळू ओली असल्यास आणखी वाढते. सुटा कापूस मात्र इतका हलका असतो की ट्रॉली शिगोशीग भरूनही वजन मर्यादेत राहते. तेथे प्रश्न वजनाचा नसून उंचीचा व तोल सांभाळण्याचा असतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कापसासाठी बनविलेली ट्रॉली वाळू-गिट्टीच्या कामास लावणे धोक्याचे आहे, तसेच वाळू-गिट्टीवर राबलेली जुनी ट्रॉली शेतीसाठी स्वस्तात मिळत असली तरी तिचे आयुष्य आधीच खर्ची पडलेले असते. सोयाबीन व तुरीसाठी फाळक्यांच्या फटी बारीक असाव्या लागतात. अन्यथा प्रत्येक खेपेत धान्य सांडत जाते. वरूड-मोर्शी भागातील संत्रा क्रेटमधून नेताना पाट्यांची लवचिकता महत्त्वाची असते, कारण धक्क्यांनी फळ दुखावते.

ट्रॉलीचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या मागील भागावर येतो. ती वळवायला व मागे घ्यायला सोपी असते आणि पांदण रस्त्यांवर सोयीची पडते. परंतु भार पुढे फार आल्यास ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होते आणि मागे फार गेल्यास हुक वर उचलला जातो. चार चाकी ट्रॉली अधिक भार पेलते व सुटी उभी राहते. मात्र तिच्या पुढच्या आसावरील फिरते चक्र हा आणखी एक झिजणारा भाग असतो. वऱ्हाडातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पांदणींवर खोल चाकोऱ्या पडतात. अशा वाटेवर एक चाक वर व एक खाली जाऊन सांगाड्याला पीळ बसतो. म्हणून या प्रदेशात आडव्या चॅनलांची संख्या व त्यांच्या जोडांची मजबुती यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

== नव्या ट्रॉलीची तपासणी ==

=== वजन व जाडी ===

लोखंडाची चोरी पकडण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे वजन. पोलादी पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे ७.८५ किलो असते. १० × ६ फूट तळाचे क्षेत्रफळ सुमारे ५.५७ चौरस मीटर होते. त्यानुसार तळाच्या पत्र्याचे वजन असे येते :

* २.५ मिमी जाडी – सुमारे १०९ किलो
* ३ मिमी जाडी – सुमारे १३१ किलो
* ४ मिमी जाडी – सुमारे १७५ किलो
* ५ मिमी जाडी – सुमारे २१९ किलो

बाजारात जाडी पुष्कळदा 'गेज'मध्ये सांगितली जाते. येथे आकडा वाढला की जाडी घटते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. १० गेज म्हणजे साधारण ३.२ मिमी, १२ गेज म्हणजे २.६ मिमी आणि १४ गेज म्हणजे २ मिमी. संदिग्धता टाळण्यासाठी जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावी.

चॅनलांबाबतही हाच हिशेब लागू पडतो. भारतीय मानकानुसार १०० मिमी उंचीच्या मध्यम वजनाच्या चॅनलचे वजन दर मीटरला सुमारे ९.५ किलो, तर १२५ मिमीच्या चॅनलचे सुमारे १३ किलो असते. दोन उभे चॅनल प्रत्येकी ३ मीटर आणि चार आडवे चॅनल प्रत्येकी १.८ मीटर धरल्यास एकूण लांबी १३.२ मीटर होते. म्हणजे पहिल्या प्रकारात सांगाडा सुमारे १२५ किलोंचा आणि दुसऱ्यात सुमारे १७२ किलोंचा भरतो. तळ, फाळके, सांगाडा, आस, चाके यांच्या वजनांची अशी बेरीज करून ठेवावी आणि तयार ट्रॉली धरमकाट्यावर न्यावी. आधी ट्रॅक्टर व ट्रॉली एकत्र आणि नंतर एकटा ट्रॅक्टर तोलला असता दोहोंतील फरक म्हणजे ट्रॉलीचे वजन होय. किरकोळ तफावत स्वाभाविक आहे. शंभर-दीडशे किलोंची तूट आल्यास मात्र कोठेतरी माल हलका वापरला आहे असे समजावे.

जाडी प्रत्यक्ष मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर वापरतात. पत्र्याची कड जेथे दुमडलेली नसेल तेथे माप घ्यावे. ट्रॉली रंगविण्यापूर्वी माप घेतल्यास ते अधिक अचूक येते.

=== जोडकाम ===

वेल्डिंगची रेघ सारख्या रुंदीची, अखंड आणि दोन्ही भागांत मुरलेली असावी. रेघेत सुईच्या टोकाएवढी छिद्रे, काळी मळी किंवा रेघेच्या कडेला पडलेली खाच दिसल्यास जोड कमजोर समजावा. नुसता वर बसलेला फुगीर गोळा पाहून जोड भक्कम आहे असे मानू नये. धातू आत मुरला नसल्यास असा गोळा भाराखाली सुटतो. ग्राइंडरने गुळगुळीत केलेले जोड देखणे दिसतात, पण त्यात जोडाचा धातूच घासला जाण्याची शक्यता असते.

पाट्यांचे आधार, हुकाचा दांडा सांगाड्याला जेथे मिळतो ती जागा आणि हायड्रोलिक जॅकची बैठक या तीन ठिकाणी सर्वाधिक ताण येतो. तेथे जोडावर त्रिकोणी आधारपट्टी दिलेली असावी. या जागा खाली वाकून, उजेड धरून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

=== मापे ===

सांगाडा काटकोनात आहे की नाही हे साध्या दोरीने कळते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले पाहिजेत. दोन चाकी ट्रॉलीत हुकाच्या कडीपासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंतचे आणि उजव्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखे असावे. त्यात फरक असल्यास ट्रॉली तिरकी चालते, टायर एका बाजूने झिजतात आणि ट्रॅक्टरवर विनाकारण ओढ येते.

=== रंग ===

रंग हे लोखंडाचे संरक्षण असते. गंज खरवडून, तेलकटपणा पुसून आणि अस्तराचा हात देऊन मग वरचा रंग द्यावा लागतो. गंजावरच रंग फासल्यास तो एका पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. शक्य असल्यास ग्राहकाने ट्रॉली अस्तराच्या अवस्थेत असताना पाहून यावे. त्या वेळी जोडकामाचे दोषही उघडे असतात. तळाला पाणी निचरण्यासाठी छिद्रे ठेवली आहेत काय, हेही पाहावे.

== वापरलेल्या ट्रॉलीची तपासणी ==

=== ताजा रंग ===

विक्रीपूर्वी काही दिवस दिलेला नवा रंग ही पहिली सावधगिरीची खूण मानावी. रंग देणे गैर नाही, पण त्याखाली काय आहे हे पाहणे आवश्यक ठरते. भेगा व भोके लांबी भरून बुजविलेली असू शकतात. साधे लोहचुंबक पत्र्यावर फिरविल्यास लांबीच्या जागी त्याची पकड सैल होते. लहान हातोडीने ठोकल्यास चांगला पत्रा खणखणतो, तर कुजलेला किंवा लांबी भरलेला भाग बोदा आवाज देतो.

=== गंज ===

ट्रॉलीत वारंवार रासायनिक खते नेली जातात. युरियासारख्या खतांचे सांडलेले कण हवेतील ओल शोषून घेतात आणि फटींत साचून लोखंड पोखरतात. त्यामुळे गंज तळाच्या मध्यभागी कमी आणि तळ व फाळका जेथे मिळतात त्या कोपऱ्यांत अधिक आढळतो. चॅनलच्या आतील पोकळीत चिखल साचून राहिल्यास तेथेही हीच गत होते. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. पापुद्रे सुटणारा गंज मात्र जाडी घटल्याचे लक्षण असते. पेचकसाचे टोक दाबल्यावर पत्रा दबत असेल तर तळ बदलावाच लागेल असे धरून किंमत ठरवावी.

=== सांगाडा व पूर्वीच्या दुरुस्त्या ===

सांगाड्यावर नंतर मारलेल्या पट्ट्या सहसा तडा गेलेल्या जागा दाखवितात. पट्टी मारल्यावर तडा थांबला की पट्टीच्या कडेने पुढे सरकला, हे पाहावे. बाजूने डोळा लावून उभे चॅनल सरळ आहेत काय ते तपासावे. मध्ये झोक आला असल्यास ट्रॉलीवर नेहमी जादा भार टाकला गेला असे अनुमान निघते. पाट्यांची कमान दोन्ही बाजूंना सारखी असावी आणि एकही पाटा तुटलेला नसावा.

=== आस, हब व चाके ===

ट्रॉली घट्ट टेकूवर उचलून चाक हाताने फिरवावे. बेअरिंग खराब असल्यास खरखर ऐकू येते. मग चाक वर व खाली धरून हलवावे; जाणवण्याइतकी हालचाल झाल्यास बेअरिंग सैल किंवा झिजलेले असते. हबमधून ग्रीस बाहेर येऊन डिस्कवर पसरले असल्यास सील गेले आहे असे समजावे. डिस्कवरील नटांची भोके लांबट झाली असल्यास ट्रॉली सैल नटांनिशी चालविली गेली आहे. अशी डिस्क बदलणे हाच उपाय.

=== टायर ===

टायरच्या बाजूवर चार अंकी निर्मितीखूण असते. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन अंक वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉली वर्षातील बराच काळ उन्हात उभी असते. त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही रबर वाळून बाजूंना भेगा पडतात. रिमोल्ड टायर नवा म्हणून दाखविला जातो काय, हेही पाहावे. एकाच कडेने झिजलेला टायर टायरचा नव्हे, तर वाकलेल्या आसाचा दोष सांगतो. तेथे नुसते टायर बदलून भागत नाही.

=== हुक व जोडणी ===

हुकाची कडी मूळची गोल असते आणि झिजून लांबट होते. कडीची जाडी झिजलेल्या बाजूस व विरुद्ध बाजूस मोजून तुलना करावी. झिजलेल्या कडीवर वेल्डिंगचा थर चढवून ती 'भरलेली' असल्यास तिच्यावर विसंबू नये, कारण ट्रॉलीचा सारा भार या एका कडीवर ओढला जातो. पिन योग्य जाडीची असावी, तिला अडकवणीची चाप असावी आणि जोडीला सुरक्षेची साखळी असावी. पिनऐवजी पहार किंवा सळई वापरण्याची सवय आढळल्यास त्या ट्रॉलीची एकूण निगा कशी राखली गेली असेल, याची कल्पना येते.

=== हायड्रोलिक जॅक ===

माल आपोआप उलटविणाऱ्या ट्रॉलीत जॅकच्या दांड्यावर ओरखडे किंवा तेलाचा ओघळ नसावा. ट्रॉली काही भरलेल्या अवस्थेत उचलून थोडा वेळ तशीच ठेवावी. ती आपोआप खाली येऊ लागल्यास जॅकच्या किंवा झडपेच्या दुरुस्तीचा खर्च गृहीत धरावा. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू दिल्याशिवाय कोणीही डोकावू नये. केवळ जॅकवर उचललेली ट्रॉली कोसळून माणूस दगावू शकतो.

=== चालवून पाहणे ===

शेवटी ट्रॉली प्रथम रिकामी आणि नंतर भरून चालवावी. मागून चालणाऱ्या माणसाने ती ट्रॅक्टरच्या मागोमाग सरळ येते की एका अंगाला खेचते, हे पाहावे. काही अंतर चालविल्यानंतर हबच्या जवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एक हब इतरांपेक्षा फार तापला असल्यास त्याचे बेअरिंग संशयास्पद ठरते.

== सुरक्षेची साधने ==

रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या किंवा संथ चालणाऱ्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकणे हा ग्रामीण भागातील नेहमीचा अपघात आहे. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली मागचे दिवे झाकून टाकते. म्हणून मागे लाल व बाजूंना पिवळे परावर्तक, परावर्तक पट्ट्या आणि ट्रॅक्टरच्या विजेवर चालणारे मागचे दिवे असल्याची खात्री करावी. दिव्यांची तार व जोडणीची पिन जुन्या ट्रॉलीत बहुधा तुटलेली असते. तिचा खर्च अल्प, पण महत्त्व मोठे आहे.

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो. सपाट पूर्णा खोऱ्यात हे चालून जाते असे वाटते, परंतु चिखलदरा-मेळघाटाकडील उतारांवर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. घाटरस्त्यावर काम असल्यास ब्रेक असलेलीच ट्रॉली निवडणे हितावह होय.

== कागदपत्रे ==

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६१ नुसार वाहन नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. म्हणजे ट्रॅक्टरची नोंदणी असली तरी ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. अमरावती जिल्ह्यातील नोंदणी एमएच-२७ आणि अकोला जिल्ह्यातील एमएच-३० या मालिकेत होते. शेजारच्या बुलढाणा, यवतमाळ व वाशीम जिल्ह्यांच्या मालिका अनुक्रमे एमएच-२८, एमएच-२९ आणि एमएच-३७ आहेत. ट्रॉली जोडून चालविताना ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांकही ट्रॉलीवर दिसला पाहिजे.

'''नवी ट्रॉली''' घेताना निर्मात्याकडून विक्री प्रमाणपत्र (नमुना २१) व रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र (नमुना २२) मिळते. निर्माता हे कागद देऊ शकत नसेल तर नोंदणीत अडचण येते, म्हणून विसार देण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. शासकीय अनुदानातून खरेदी करावयाची असल्यास योजनेच्या अटी आणि पूर्वसंमती आधी तपासावी; पूर्वसंमतीआधी केलेली खरेदी अनुदानास अपात्र ठरू शकते.

'''वापरलेली ट्रॉली''' घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

* सांगाड्यावर कोरलेला चेसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतो काय. क्रमांकाभोवती ग्राइंडरच्या खुणा, नवी पट्टी किंवा वेगळा रंग असल्यास व्यवहार थांबवावा. ट्रॉलीला इंजिन नसल्याने इंजिन क्रमांकाची दुसरी खूण उपलब्ध नसते. ओळख याच एका क्रमांकावर टिकते.
* प्रमाणपत्रावर बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या कर्जाची नोंद आहे काय. असल्यास कर्जफेडीचे पत्र व नमुना ३५ यांशिवाय पैसे देऊ नयेत.
* विमा चालू आहे काय आणि विमापत्रात ट्रॉलीचा स्वतंत्र उल्लेख आहे काय. केवळ ट्रॅक्टरचा विमा असल्यास ट्रॉलीमुळे घडलेल्या अपघातात भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.
* ट्रॉली भाड्याच्या वाहतुकीला वापरली असल्यास कर, परवाना व योग्यता प्रमाणपत्राची थकबाकी आहे काय.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व नमुना ३० भरले जातात. कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाची असते. मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने तेथून आणलेल्या ट्रॉलीसाठी मूळ कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते.

इंजिन व कुलूप नसल्यामुळे ट्रॉली चोरून नेणे तुलनेने सोपे असते. कागदाविना स्वस्तात मिळणारी ट्रॉली म्हणूनच सर्वांत महाग पडू शकते. ज्याची मालकी नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी खरेदीदाराला सहसा मिळत नाही; वस्तू मूळ मालकाकडे परत जाते आणि दिलेले पैसे बुडतात. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

== लेखी व्यवहार ==

तोंडी बोलीपेक्षा लेखी नोंद नेहमी श्रेयस्कर असते. नव्या ट्रॉलीच्या मागणीपत्रात लांबी-रुंदी-उंची, तळाची व फाळक्यांची जाडी मिलिमीटरमध्ये, चॅनलचे माप व संख्या, आस व हब नवे की जुने, टायरचे माप व निर्मितीवर्ष, रंगाचे थर, अपेक्षित वजन, तयार करून देण्याची तारीख आणि दुरुस्तीची हमी या बाबी असाव्यात. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता धरमकाट्यावरील वजनानंतरच चुकता करावा.

पावती न घेता काही रक्कम वाचविण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पावती नसल्यास नोंदणी, विमा, अनुदान आणि तक्रार या चारही वाटा बंद होतात. जुन्या ट्रॉलीच्या बाबतीत गावातील ओळखीचा व्यवहार असला तरी विक्रीपत्र, ताबा दिल्याची तारीख व वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. ताबा घेतल्यानंतर झालेल्या अपघाताची जबाबदारी कोणाची, हा वाद या एका कागदाने बव्हंशी मिटतो.

== तक्रार व दाद ==

विक्रेता व्यावसायिक असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष मालाविरुद्ध जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर असली तरी स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वापरण्यास घेतलेली वस्तू त्यात येते. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ हा आहे.

एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला आपली जुनी ट्रॉली विकणे हा मात्र सहसा व्यापार ठरत नाही. असा वाद वस्तू विक्री अधिनियम, १९३० व करारविषयक कायद्यानुसार दिवाणी न्यायालयात जातो, आणि तेथे खरेदीदाराने वस्तू स्वतः पाहून घेतली होती काय हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. उघड दिसणाऱ्या दोषांबाबत नंतर तक्रार टिकणे कठीण असते.

दोष आढळताच ट्रॉलीचा वापर थांबवून छायाचित्रे घ्यावीत, धरमकाट्याची पावती जपून ठेवावी आणि विक्रेत्याला लेखी कळवावे. दोष माहीत झाल्यावर दुरुस्ती करून परस्पर वापर चालू ठेवल्यास पुरावा नष्ट होतो आणि अपघात झाल्यास मालकाची जबाबदारी वाढते.

== हे सुद्धा पहा ==

* ट्रॅक्टर
* बैलगाडी
* वऱ्हाड
* कृषी उत्पन्न बाजार समिती
* ग्राहक संरक्षण